बोटीचं टाइमटेबल

पाण्यावर ब्रेक नसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे आडवं धरून ठेवणारंही काही नसतं. गाडीचं चाक रस्त्याला धरून असतं त्यामुळे तोंड जिकडे तिकडेच गाडी जाते, बोटीचं तसं नाही, तोंड एकीकडे आणि चाललीये भलतीकडेच हे तिचं रोजचं वागणं आहे, वारा आडवा असला तर विचारूच नका. तरीसुद्धा आपल्याला वाटत असतं की बोटीने आपण आखलेल्या रेषेवरून, आपण सांगितलेल्या वेळेत, कुणीही हात न लावता जावं. याला म्हणतात ट्रॅजेक्टरी ट्रॅकिंग, आणि वारा-लाटा-प्रवाह सगळं अंगावर घेऊन ते जमलं तर मागे रोबस्ट हे विशेषण लागतं.

दिवसा मी भोसरीत सर्वो ड्राइव्हचं काम करते, म्हणजे मशीनचा अक्ष सांगितलेल्या वेळेला सांगितलेल्या जागी नेऊन ठेवायचा, तिथे मायक्रॉनच्या गप्पा चालतात. सुट्टीच्या दिवशी आमचा चौघांचा ग्रुप एक छोटी बोट घेऊन पाणी शोधत फिरतो. शेजारी जोडलेल्या दोन हलची (पाण्यात बसणाऱ्या दोन सांगाड्यांची), फायबरची, सव्वा मीटर लांब, मागे दोन ब्रशलेस थ्रस्टर म्हणजे पंखा लावलेल्या मोटरी, सुकाणू नाही, उजवा थ्रस्टर जोरात फिरवला की बोट डावीकडे वळते आणि डावा फिरवला की उजवीकडे, बस एवढंच. खाली एको साउंडर, म्हणजे आवाज सोडून खोली मोजणारं यंत्र, लावलाय कारण मूळ उद्देश तलावात गाळ किती साचलाय ते मोजणं हा होता. कनेक्टर, फ्यूज, हीट श्रिंक वगैरे सगळं पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, पासोड्या विठोबाच्या गल्लीतून आलं, मेंदू म्हणजे पिक्सहॉक हा ऑटोपायलट बोर्ड आणि त्यावर आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर, आणि आमचे स्वतःचे प्रयोग चालवायला शेजारी एक रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर.

हे लिहायचं कारण असं की कॉलेजमधली मुलंमुली हल्ली मेसेज करतात, "ताई, फायनल इयरला बोट घेतलीये, कुठला कंट्रोलर लावू? स्लायडिंग मोड की बॅकस्टेपिंग की न्यूरल नेटवर्क?" कंट्रोलर म्हणजे बोट कुठे आहे ते बघून मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणारा हिशोब, बाकीची त्याच्या पद्धतींची नावं. आणि प्रत्येक वेळी मी उलट विचारते की तुझी बोट किती जोरात जाऊ शकते आणि तू तिला किती जोरात जायला सांगणारेस. पुढून उत्तर येत नाही. म्हणून एकदाच सविस्तर.

आधी पाथ आणि ट्रॅजेक्टरी यातला फरक, कारण अर्धा गोंधळ इथेच आहे. समजा कोथरूड डेपोवरून पीएमपीएमएलची बस निघाली आणि ठरलेल्या रूटने मनपाला पोचली, केव्हा का पोचेना, तर ते झालं पाथ फॉलोइंग. पण डेक्कनला ९ वाजून १० मिनिटांनी आणि मनपाला ९ वाजून २० मिनिटांनी असलीच पाहिजे असं म्हटलंत तर ते झालं ट्रॅजेक्टरी ट्रॅकिंग. रूट आणि टाइमटेबल दोन्ही. आता बस उशिरा धावतेय, टाइमटेबलवाली काल्पनिक बस पुढे गेलीये, कर्वे रोडचं वळण घेऊन पलीकडे पोचलीये, आणि आपल्या ड्रायव्हरला फक्त एवढंच सांगितलंय की त्या काल्पनिक बसशी अंतर कमी कर. तो काय करेल? जोरात दाबेल आणि सरळ इमारतींमधून तिरका शॉर्टकट मारायला बघेल. बोट अगदी हेच करते. वाऱ्याने मागे पडली की लक्ष्यबिंदू वळणापलीकडे गेलेला असतो आणि बोट वळण कापून सरळ त्याच्या दिशेने निघते, म्हणजे वेळ पाळायच्या नादात रस्ताच सोडते. सर्व्हेच्या कामात रस्ता सुटला म्हणजे त्या पट्ट्यातला डेटा गेला.

मग ट्रॅजेक्टरी हवीच कशाला, पाथ पुरे की? गाळ मोजायला खरं तर पाथ पुरतो. पण दोन बोटी शेजारी शेजारी चालवायच्या असतील, किंवा चालत्या जहाजाच्या बाजूला जाऊन लागायचं असेल, किंवा पलीकडून दुसरं काहीतरी येतंय आणि चौकात तुम्ही ठराविक सेकंदाला असू नये असं असेल, तर घड्याळ आलंच.

आता त्रास देणारी मंडळी. वारा, प्रवाह आणि लाटा, तिघांना एकाच नावाखाली डिस्टर्बन्स म्हणून टाकतात पण तिघं तीन स्वभावाची आहेत. वारा जोर लावतो, आणि तो जोर सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की जोर चौपट, त्यात पुन्हा झोत येतात आणि जातात. प्रवाह तसा जोर लावत नाही, तो खालचं पाणीच घेऊन जातो, बोटीला पाण्याच्या हिशोबात काही वेगळं वाटतच नाही, फक्त जीपीएसला कळतं की आपण वाहत चाललोय. लाटा सगळ्यात फसव्या. त्यांचा मोठा भाग म्हणजे पुढे-मागे डोलणं, एका लाटेत ढकलतात आणि पुढच्या क्षणी परत आणून ठेवतात, निव्वळ हिशोब जवळपास शून्य. पण त्यातच एक बारीकसा हळू ढकलणारा भाग लपलेला असतो, ज्याला ड्रिफ्ट म्हणतात, तो मात्र परत आणून ठेवत नाही.

पुण्यात चौथं एक आहे, जलपर्णी. मुळा-मुठेत बोट टाकायचा विचार ज्याने केलाय त्याला सांगायला नको. पानं-मुळं प्रॉपेलरला गुंडाळली की त्या बाजूचा थ्रस्ट, म्हणजे ढकलायचा जोर, निम्म्यावर येतो आणि बोट एका बाजूला ओढायला लागते, कंट्रोलरला वाटतं आडवा वारा आलाय. याच्याकडे नंतर येते.

गणित फार अवघड नाहीये, म्हणजे मांडायला नाहीये. पाण्याच्या पृष्ठावर बोटीच्या तीन हालचाली धरायच्या, पुढे-मागे, आडवं सरकणं आणि वळणं, इंग्रजीत सर्ज, स्वे, यॉ. वस्तुमान गुणिले त्वरण, अधिक फिरत असल्यामुळे येणारे जोर, अधिक पाण्याचा विरोध, बरोबर मोटरचा जोर अधिक वारा-लाटा. नॉर्वेच्या थॉर इंगे फॉसेन यांनी हे ज्या साच्यात बसवलं तोच साचा आज जवळजवळ सगळे वापरतात. गंमत वस्तुमानात आहे. बोट हलताना स्वतःबरोबर आजूबाजूचं पाणीही हलवते, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा जड वागते, आणि किती जड ते दिशेवर ठरतं. नॉर्वेतच ट्रोनहाइमला सायबरशिप टू नावाचं एक मॉडेल जहाज आहे, १:७० स्केलचं, लांबी १.२५५ मीटर, वजन २३.८ किलो, या क्षेत्रातल्या निम्म्या सिम्युलेशन्स त्याच्याच आकड्यांवर चालत असाव्यात असं मला वाटतं. त्याला पुढे ढकलताना पाण्यामुळे साधारण २ किलो जास्तीचे लागतात आणि आडवं ढकलताना १० किलो. तेच जहाज, तेच पाणी. आणि तुम्ही वर बॅटरी बदलली, बोट दोन बोटांएवढी जास्त खाली बसली की हे सगळे आकडे हलले. म्हणजे मॉडेल कायम थोडं चुकीचंच असणार हे धरूनच चालायचं, रोबस्ट म्हणतात ते याच्यासाठीसुद्धा, फक्त वाऱ्यासाठी नाही.

आणि दुसरी अडचण, हालचाली तीन पण मोटरी दोन. पुढचा जोर आणि वळवायचा जोर एवढंच आपल्या हातात, आडवं ढकलायला काही नाही. याला अंडरॲक्च्युएटेड म्हणतात. १९८३ मधे रॉजर ब्रॉकेटने जी अट सिद्ध केली तिच्यातून असं निघतं की अशा बोटीला एका ठराविक बिंदूवर ठराविक तोंडाने आणून थांबवणं हे साध्या, अखंड, वेळेनुसार न बदलणाऱ्या फीडबॅकने जमतच नाही. ट्यूनिंग कितीही करा. गणितच नाही म्हणतं. चालत्या बोटीचं मात्र बरं असतं, वेग असला की तोंड थोडं वाऱ्याकडे वळवून आडवा जोर पचवता येतो, खेकड्यासारखं तिरकं चालत. जहाजवाले त्या कोनाला क्रॅब अँगलच म्हणतात.

तो कोन किती महागात पडतो ते बघा, कारण माझा मुख्य मुद्दा इथून सुरू होतो. बोट पाण्यात सेकंदाला १ मीटर चालतेय आणि आडवा प्रवाह अर्धा मीटर आहे. रेषेवर राहायचं तर तोंड ३० अंश प्रवाहाकडे वळवावं लागतं आणि मग रेषेवर पुढे सरकणं उरतं सेकंदाला ०.८७ मीटर. १०० मीटरची रेषा जी १०० सेकंदांत संपायची ती साधारण ११५ सेकंद घेते. आता ट्रॅजेक्टरी म्हणते नाही, मला १०० सेकंदच पाहिजेत. तर पाण्यातला वेग १.१२ करावा लागतो, विरोध वेगाच्या वर्गाने धरला तर तो सव्वापट होतो आणि पॉवर जवळजवळ १.४ पट. अर्धा मीटर प्रवाह म्हणजे काही वादळ नव्हे हं. आणि तुम्ही आधीच मोटर ९० टक्क्यांवर चालवत असाल तर हा सव्वापट जोर आणणार कुठून? तिथे स्लायडिंग मोडही काही करू शकत नाही आणि न्यूरल नेटवर्कही नाही, कारण पाहिजे असलेला जोर बोटीत नाहीच आहे.

त्यात दोन थ्रस्टरवाल्या बोटीचं अजून एक दुखणं. दोन्ही मोटरी फुल पुढे असल्या की वळायला काही शिल्लक राहत नाही, वळायचं तर एक कमी करावी लागते म्हणजे वेग जातो. वेग मागणारा लूप म्हणतो कमी करू नको, दिशा सांभाळणारा म्हणतो कर. कुणाचं ऐकायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं. आर्डूपायलटमधे स्टीअरिंगला प्राधान्य की थ्रॉटलला यासाठी चक्क एक सेटिंग आहे, बहुतेक जण ते उघडूनही बघत नाहीत. आम्ही ते स्टीअरिंगकडे झुकवून ठेवतो. उशिरा पोचलेली बोट परत मिळते, तोंड फिरलेली बोट काठावरच्या दगडांत मिळते.

मग कंट्रोलर काहीच करत नाही का, तर तसं नाही. इतिहास छान आहे याचा. आपण सगळे ज्याला पीआयडी (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह) म्हणतो, जो माझ्या कंपनीतल्या प्रत्येक ड्राइव्हमधे बसलेला असतो, तो मुळात जहाज हाकण्यातून आलेला आहे. निकोलस मिनोर्स्की नावाचा रशियातून अमेरिकेत गेलेला इंजिनीअर, त्याने सुकाणूवाले खलाशी कसे वागतात ते बारकाईने पाहिलं. चांगला खलाशी जहाज किती वळलंय एवढंच बघत नाही, ते किती वेगाने वळतंय तेही बघतो, आणि बराच वेळ एकाच बाजूला सरकतंय असं दिसलं तर सुकाणू थोडं कायमचं विरुद्ध बाजूला धरून ठेवतो. १९२२ च्या त्याच्या पेपरमधे हे तिन्ही भाग गणितात आले आणि अमेरिकन नौदलाच्या न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या. म्हणजे स्थिर वाऱ्याला उत्तर, इंटिग्रल, साठत गेलेली चूक बघून दिलेलं, हे शंभर वर्षांपूर्वीच सापडलेलं आहे. २००८ मधे बोरहॉग, पावलोव आणि पेटरसेन यांनी रेषा धरून चालायच्या लाइन ऑफ साइट पद्धतीत हाच इंटिग्रल घातला जेणेकरून स्थिर प्रवाहातला क्रॅब अँगल बोटीने आपला आपण शोधावा. मला ही पद्धत प्रचंड आवडते. चार ओळींचा कोड आहे, कळतो, आणि बिघडला तर का बिघडला तेही कळतं.

इंटिग्रलचा त्रास म्हणजे तो आठवण ठेवतो. मोटर फुल झालीये, चूक (म्हणजे बोट जिथे हवी तिथपासूनचं अंतर) तशीच आहे, हा आपला साठवत बसलाय, आणि वारा पडला की सगळं साठवलेलं एकदम बाहेर काढतो आणि बोट दुसऱ्या बाजूला भसकन जाते. अँटी-वाइंडअप लावा, म्हणजे मोटर फुल असताना साठवणं थांबवा, पर्याय नाही.

स्लायडिंग मोड हा सोव्हिएत युनियनमधला शोध, एमेल्यानोव, उत्किन ही नावं, उत्किनचा १९७७ चा लेख वाचून जगभर पसरला. कल्पना धाडसी आहे. चूक आणि ती ज्या वेगाने बदलतेय तो वेग मिळून एक रेषा ठरवायची, बोट तिच्या या बाजूला असली की पूर्ण जोराने त्या बाजूला ढकल, त्या बाजूला गेली की पूर्ण जोराने इकडे. डिस्टर्बन्स कसाही असो, तुमचा धक्का त्याच्या कमाल मर्यादेपेक्षा मोठा असला की झालं, मॉडेलही नीट माहीत असायची गरज नाही. कागदावर हे फार देखणं आहे. पाण्यात मोटर दर क्षणाला पुढे-मागे, पुढे-मागे करायला लागते, ज्याला चॅटरिंग म्हणतात, ब्रशलेस मोटर उलटी फिरताना मधे डेड झोन असतो जिथे कमांड देऊनही ती हलत नाही, ईएससी म्हणजे मोटर चालवणारं सर्किट गरम होतं, आवाज असा येतो की पाहणाऱ्यालाच कसंतरी होतं. मग या एकदम पलटणाऱ्या फंक्शनच्या (इंग्रजी sign, त्रिकोणमितीतला साइन नव्हे) जागी उतार द्यायचा, किंवा १९९३ मधलं लेव्हांटचं सुपर-ट्विस्टिंग वापरायचं ज्यात ती उडी इंटिग्रलच्या आत लपवलेली असते. उतार दिला की चॅटरिंग कमी होतं पण चूक पूर्ण शून्य होण्याचं वचनही गेलं, थोडी चूक कायम राहते. मला त्याचं काही वाटत नाही, जीपीएसच जिथे मीटरभर इकडेतिकडे करतं तिथे शून्याचा हट्ट कुणाला.

याच्यापेक्षा मला ऑब्झर्व्हरवाला रस्ता पटतो. चीनमधल्या हान जिंगछिंग यांची कल्पना, इंग्रजीत २००९ च्या लेखाने सगळ्यांपर्यंत पोचली. वारा किती, प्रवाह किती, मॉडेल किती चुकलंय याचा वेगवेगळा हिशोब करूच नका, एवढा थ्रस्ट दिला तर बोट अशी वागायला हवी होती, ती तशी वागली, मधला फरक जो काही आहे तो सगळा मिळून एक डिस्टर्बन्स, त्याचा अंदाज सतत काढत राहा आणि तेवढाच उलटा जोर मोटरला आधीच देऊन टाका. उरलेल्या कामाला साधा पीडी, म्हणजे इंटिग्रल काढलेला पीआयडी, पुरतो. ट्यूनिंगचा डोंगर होता तो झिचियांग गाओ यांनी २००३ मधे एका बँडविड्थच्या, म्हणजे अंदाज किती झटपट बदलू द्यायचा त्याच्या, आकड्यावर आणून ठेवला. आमच्या बोटीवर सध्या हेच चालतं.

पण इथेही फुकट काही नाही. बँडविड्थ वाढवली की अंदाज पटकन येतो पण जीपीएस आणि कंपासचा नॉइजही डिस्टर्बन्स समजून मोटरला पाठवला जातो. कमी ठेवली की वाऱ्याचा झोत येऊन गेल्यावर उत्तर पोचतं. आणि जलपर्णी! ऑब्झर्व्हर सगळं एकाच गाठोड्यात बांधतो त्यामुळे प्रॉपेलरला मुळं गुंडाळली काय आणि आडवा वारा आला काय, त्याला सारखंच, तो त्या बाजूची कमांड वाढवतो, गुंडाळलेली मोटर अजून करंट खाते, अजून गरम होते. वाऱ्याला जोर वाढवणं हे बरोबर उत्तर आहे, मुळांना नाही, मुळांना थांबून उलटं फिरवायला पाहिजे. म्हणून मोटरचा करंट वेगळा बघावाच लागतो, तेवढ्याच कमांडला करंट नेहमीपेक्षा जास्त आणि वळण मात्र अपेक्षेपेक्षा कमी असं दिसलं की आमचा कोड आधी एकदा मोटर उलटी फिरवून बघतो.

लाटांचं मात्र वेगळंच शहाणपण आहे आणि ते जुनं आहे. डोलणाऱ्या भागाशी भांडायचंच नाही. समुद्रात मोठ्या जहाजाला लाट साधारण ५ ते २० सेकंदांनी हलवते, प्रत्येक हलण्याला इंजिनने उत्तर द्यायला गेलं तर डिझेल जळतं, गिअर झिजतात, आणि जहाज जिथे होतं तिथेच राहतं कारण लाट तसंही परत आणून ठेवणारच होती. १९७६ मधे बाल्शेन आणि त्यांच्या नॉर्वेजियन सहकाऱ्यांनी कालमन फिल्टर, म्हणजे मोजमापातून खरी हालचाल ओळखणारं गणित, वापरून हालचालीचे दोन भाग केले, लाटेचं डोलणं वेगळं आणि हळू सरकणं वेगळं, आणि कंट्रोलरला फक्त दुसरा भाग दाखवला. तेल काढणारी जहाजं आज समुद्रात एका जागी उभी राहतात ती याच्या जोरावर. आमच्या तलावातली लाट सेकंद-दोन सेकंदांची असते, बोटही चिमुकली, त्यामुळे आम्हाला एवढा थाट लागत नाही, एक नॉच फिल्टर, म्हणजे ठराविक लयीचं डोलणं गाळून टाकणारा, पुरतो, तत्त्व तेच.

आता जरा तक्रार करते. या विषयावरचे पेपर मी पुष्कळ वाचते आणि साचा ठरलेला असतो. बोट सायबरशिप टू, पण तीनही दिशांना जोर लावू शकणारी. ट्रॅजेक्टरी गोल. डिस्टर्बन्स म्हणजे दोन-तीन साइन आणि कोसाइनची बेरीज. मग फायनाइट टाइम, मग फिक्स्ड टाइम, म्हणजे बोट कुठूनही सुरू झाली तरी एवढ्या सेकंदांत रेषेवर येणारच अशी हमी. अहो पण एक किलोमीटर लांबून सुरू झाली तरी तेवढ्याच सेकंदांत? तर मग त्या हमीला लागणारा थ्रस्ट कुठल्या दुकानात मिळतो तेही सांगा. चूक दाखवणारा ग्राफ सुंदर शून्यावर बसलेला, आणि मोटरच्या कमांडचा ग्राफ एकतर नाहीच, असला तर सुरुवातीला छताला टेकलेला. काही लोक सॅच्युरेशन, म्हणजे मोटरच्या जोराला छत असतं ही गोष्ट, मनापासून घेतात, त्यांचे पेपर वाचताना बरं वाटतं.

साइनवर माझा राग यासाठी की खरा वारा, खरी लाट साइन नसते. समुद्राच्या लाटांचे स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या लयीच्या लाटेत किती ताकद असते ते, मोजून काढलेत, पिअर्सन आणि मॉस्कोविट्झचा १९६४ चा, उत्तर समुद्रात मोजमाप करून काढलेला जॉन्सवॅप १९७३ चा, आणि ते कोडमधे घालायला दहा मिनिटं लागतात. लांब कशाला, आपल्या खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, आहे, १९१६ पासूनची संस्था, तिथे बंदरांची छोटी मॉडेलं बांधून त्यात मशीनने अनियमित लाटा सोडतात, कारण नियमित लाटेत टिकणारी भिंत खऱ्या समुद्रात टिकेलच असं नसतं हे त्यांना पक्कं माहितीये. मग बोटीच्या कंट्रोलरलाच साइनची सूट का?

तर टाइमटेबल. माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात उपयोगी काम २००४ चं आहे, स्केट्ने, फॉसेन आणि कोकोटोविच यांचं. त्यांनी काम दोन भागांत मांडलं. पहिला भाग, रेषेवर राहा, हा मोडायचा नाही. दुसरा भाग, रेषेवर ठरलेल्या वेगाने पुढे सर, हा परिस्थिती बघून. काल्पनिक बिंदू घड्याळाला बांधून ठेवायचा नाही, त्याला स्वतःचं समीकरण द्यायचं, बोट मागे पडली की तो बिंदूही थोडा थांबतो, बोट जवळ आली की पुन्हा ठरलेल्या वेगाला लागतो. म्हणजे टाइमटेबल आहे पण रस्त्यात झाड पडलं तर कंट्रोल रूम ते पुढे सरकवते, ड्रायव्हरला इमारतींमधून घुसायला सांगत नाही.

आम्ही हे लावलं आणि वर एक स्वतःची भर घातली, बिंदूचा वेग मोटरमधे किती जोर शिल्लक आहे त्यावरही कमी-जास्त करायचा. दोन्हीपैकी कुठलीही मोटर बराच वेळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बिंदू हळू होतो. आणि मुळात ट्रॅजेक्टरी आखतानाच कमाल वेगाच्या ७० टक्क्यांवर मागणी ठेवायची. विरोध वर्गाने वाढतो म्हणून ७० टक्के वेगाला निम्माच थ्रस्ट लागतो, उरलेला निम्मा वाऱ्यासाठी. हे एवढं केल्यावर खालचा कंट्रोलर पीआयडी होता की ऑब्झर्व्हरवाला याने पडणारा फरक फार कमी झाला. झोत येऊन गेल्यावर ऑब्झर्व्हर लवकर सावरतो, ते खरंय, पण आधी वळणावर जी बोट रेषा सोडून पळायची ते पळणं बंद झालं ते टाइमटेबलमुळे.

प्रयोगाची जागा म्हणजे ग्रुपमधल्या एकाच्या मामांचं पुरंदरमधलं शेततळं. शहराजवळच्या तलावांवर परवानग्यांचं प्रकरण असतं आणि असायलाही पाहिजे, पिण्याचं पाणी आहे ते. शेततळं ३० बाय ३० मीटरचं, प्रवाह शून्य, पण जूनमधे पश्चिमेचा वारा असा सुटतो की दुसरं काही लागत नाही. मामांना रोबस्ट कंट्रोलचं काही पडलेलं नाही, त्यांची चिंता एकच, "आरं पोरांनो, कागदाला पंखा लागला तर बघा हां, नवीन टाकलाय." कागद म्हणजे तळ्याचं प्लास्टिकचं अस्तर, आणि त्याची किंमत ऐकल्यापासून आमच्या कोडमधे काठापासून दोन मीटरवर मोटर बंद हा नियम सगळ्या लूप्सच्या वर बसलाय. "मामा, तुम्ही काळजी करू नका" असं म्हणाले तर म्हणे, "काळजी मी नाय करत, तू कर." केली.

लहान तळ्याचा एक तोटा म्हणजे काठाच्या बांधामुळे वारा अर्ध्या भागात अडतो आणि अर्ध्या भागात नाही, बोट मधली सीमा ओलांडते तेव्हा जोर पायरीसारखा बदलतो. पण ऑब्झर्व्हरची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. पायरी कुठे आहे माहिती, किती सेकंदांत अंदाज तिथे पोचला ते लॉगमधे मोजता येतं.

लॉगवरून आठवलं. प्रोजेक्टवाल्यांनो, चूक दाखवणारा ग्राफ काढताना त्याच्याच खाली दोन्ही मोटरच्या कमांड, करंट आणि बॅटरीचं व्होल्टेज एकाच वेळेच्या अक्षावर काढा. व्होल्टेज यासाठी की बॅटरी उतरत गेली की त्याच कमांडला थ्रस्ट कमी मिळतो, म्हणजे सकाळी लावलेला गेन (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा) दुपारी ढिला पडतो आणि तुम्ही वाऱ्याला शिव्या देत बसता. आम्ही कमांड व्होल्टेजने भागून देतो, कच्चा उपाय आहे पण चालतो. कंपास मोटरच्या वायरींपासून जितका लांब नेता येईल तितका न्या, आमचा उंच काठीवर आहे, दिसायला विचित्र दिसतो. आणि बोट पाण्यात टाकल्यावर पहिलं काम कंट्रोलर चालू करणं हे नाही, दोन्ही मोटरी फुल देऊन सरळ रेषेत कमाल वेग मोजणं, एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा वाऱ्याच्या विरुद्ध, आणि जो कमी येईल त्याच्या ७० टक्के हा आकडा ट्रॅजेक्टरीच्या फाइलमधे वरच लिहून ठेवणं.

सध्या बोटीवर वारा मोजायचं छोटं यंत्र बसवायचं चाललंय, झोत अंगावर यायच्या आधी नाही तरी येता येताच कळावा आणि ऑब्झर्व्हरची वाट न बघता मोटरला थोडा जोर आधी जावा म्हणून. अडचण अशी की बोट डोलते तेव्हा ते यंत्रही डोलतं आणि डोलणंच वारा म्हणून मोजलं जातं, त्यामुळे आधी त्याच्यातून लाट काढावी लागणार. कुणी लहान बोटीवर हे केलं असेल तर खाली लिहा, विशेषतः यंत्र किती उंचीवर लावलं ते.